ढगाखालच्या विहिरी

माझी आई फोनवर कधी "जेवलीस का?" असं विचारत नाही. ती विचारते, "ढग हाय का तिकडं?" मी नांदेडला असते, ती उदगीरला. नांदेडात लख्ख ऊन पडलेलं असलं तरी तिचा पहिला प्रश्न हाच. बाकीच्या चौकश्या, भाजी काय केली, पगार झाला का, सगळ्या नंतर. मला वाटायचं, रस्ता ओला झाला की माझ्या कुबड्या घसरतील याची तिला धास्ती असावी. आणि तसं वाटायला कारण होतं.

माझे पाय जन्मापासून माझं ऐकत नाहीत. गुडघे एकमेकांना चिकटून राहतात, टाचा जमिनीला टेकत नाहीत, आणि घाई केली की दोन्ही पाय लाकडासारखे ताठ होतात. डॉक्टरांनी सांगितलं होतं की जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला. आई एवढंच म्हणायची, "लई अडली होतीस गं." त्यापुढं विचारलं की ती उठून चुलीकडे जायची, गॅस आल्यावर गॅसकडे जायची.

लहानपणी आभाळ भरून आलं की गल्लीतली सगळी पोरं बाहेर पळायची आणि मला मात्र ओढून आत नेलं जायचं. आई खिडकीजवळसुद्धा बसू द्यायची नाही. मी आतून ओरडा ऐकत बसायचे आणि माझ्या पायांना शिव्या द्यायचे. पायच नसते असे, तर मीही बाहेर असते, हा माझा साधा हिशेब होता.

पुढं शिकले, भूजलाच्या कामाला लागले. आमचं काम ऐकायला सोपं आहे. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा ठरलेल्या विहिरींवर जायचं, पाणी किती खोल आहे ते मोजायचं, आणि आकड्यांवरून नकाशा करायचा. जमिनीच्या पोटात पाणी कुठं मुरतंय, कुठून उपसलं जातंय, ते त्या नकाशावर दिसतं. सगळं खरं, पण विहीर काही ऑफिसात येत नाही. तिच्याकडे काळ्या मातीतून, बांधावरून, काट्याकुट्यातून जावं लागतं.

"तुम्ही नकाशे करा, आकडे पोरं आणून देतील," आमचे सर म्हणाले. फार मायेनं म्हणाले. रागानं बोलणाऱ्याशी भांडता येतं, मायेनं बोलणाऱ्यापुढं काय करणार? मी कधी न पाहिलेल्या विहिरींचे नकाशे करत बसले. एका विहिरीचा आकडा मला दर वेळी खटकायचा. पण ठामपणे बोलायचं तर ती विहीर पाहायला हवी होती, आणि मी तर खुर्चीत.

शेवटी मी हट्टालाच पेटले. सर कंटाळून म्हणाले, ठीक आहे, पावसाळ्यानंतरची एक फेरी तुम्ही करा, उदगीरच्या बाजूची. पण सगळ्या विहिरी झाल्या पाहिजेत आणि तुम्हीच मोजल्या पाहिजेत. एक जरी राहिली किंवा तुम्ही कुठं पडलात, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. नंतर चष्मा पुसत हळूच म्हणाले, "काही झालं तर तुमच्या आईला मी काय सांगू?" म्हणजे धास्ती त्यांनाही होती. ती सगळ्यांना होती. मला तर सगळ्यांत जास्त होती.

मग तयारी सुरू झाली. देगलूर नाक्याजवळचे एक वेल्डिंगवाले चाचा, त्यांना मी कुबड्या दाखवल्या. काळ्या मातीत टोक रुततं, मग कुबडी निघत नाही आणि मी निघते, असं सांगितलं. ते हसले. "गारे में उंट के पाँव होना बेटा," म्हणाले, आणि चिखलात रुतू नयेत म्हणून कुबड्यांच्या टोकांना उंटाच्या पावलांसारख्या रुंद लोखंडी ताटल्या बसवून दिल्या. विहिरीच्या काठाचं काय करायचं ते मीच ठरवलं. आमच्याकडच्या निम्म्या विहिरींना कठडा नसतो. बाकीचे लोक काठावर उभं राहून, वाकून टेप सोडतात. मला वाकणं जमत नाही. म्हणून एक लांब फळी घेतली. ती काठावर टाकायची, तिच्यावर पालथं पडायचं, कमरेचा पट्टा मागं झाडाला बांधायचा, कुणीतरी घोटे घट्ट धरायचे, आणि मी फक्त डोकं आणि हात विहिरीवर काढायचे. टेपच्या टोकाला एक धातूचा ठोकळा असतो. तो पाण्याला लागला की वर टेप गुंडाळलेल्या चाकात बीप वाजतो. माझ्यासोबत आमच्या विभागातला एक तरुण संशोधक होता. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "मॅडम, हे बरंय की. मी इतकी वर्षं उगाच जीव मुठीत धरून वाकत होतो." दुसऱ्या दिवसापासून माझं झालं की तोही पडून विहिरीतले दगडाचे थर बघायला लागला.

तरी माझी खरी भीती विहिरीची नव्हती. रानातली सगळी सुरक्षितता पळण्यावर बेतलेली आहे, हे मला फेरीच्या आधीच्या आठवड्यात कळलं. मोहोळ उठलं, पळा. बैल उधळला, पळा. वीज कडाडली, पळा. ज्याला पळता येत नाही त्यानं काय करायचं हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. ऑक्टोबर म्हणजे परतीचा पाऊस. सकाळी चटके बसतात आणि दुपारी अचानक काळं होतं. सोयाबीन काढायला सगळं रान माणसांनी भरलेलं असतं, आणि दर वर्षी कुठून ना कुठून वीज पडून माणसं गेल्याची बातमी येते. म्हणून मी नियम केला. पहाटे निघायचं, जीप विहिरीपासून हाकेच्या अंतरावर ठेवायची, आणि गडगडाटाची वाट न पाहता ढग दिसताच जीपमध्ये बसायचं. तरुण सहकाऱ्याला हे भित्रेपणाचं वाटलं असावं. वाटू दे म्हटलं.

पहिल्या विहिरीवर मालक आमची वाटच पाहत होता. त्यानं माझ्या कुबड्या पाहिल्या, पाय पाहिले, टेप पाहिला, आणि एकदम चपला काढून हात जोडले. "मॅडम पायाळू हायेत काय?"

जे मूल पायाकडून जन्मतं ते पायाळू. आमच्याकडे समज असा की पायाळू माणसाला जमिनीतलं पाणी दिसतं. पाण्याच्या शोधात आलेली, पायानं वेगळी बाई. त्या माणसानं दोन आणि दोन चार केले. मी सांगितलं, अहो नाही, हे यंत्र आहे, ते पाणी मोजतं, शोधत नाही. तो आदरानं मान हलवत राहिला. पायाळू माणूस स्वतःच्या तोंडानं कसं कबूल करणार, असा भाव त्याच्या तोंडावर स्पष्ट होता. जाताना त्यानं नारळ दिला. मी घेईना, तर जीपच्या बॉनेटवर ठेवून गेला.

त्यानंतर ही बातमी आमच्या जीपच्या पुढं धावायला लागली. पुढच्या गावात पोचलो तर विहिरीपर्यंतच्या बाभळी तोडलेल्या. त्याच्या पुढच्या गावात चौघंजण बाज घेऊन उभे. मला बाजेवर बसवून, उचलून नेलं. मला त्याची भयंकर लाज वाटत होती आणि त्याच वेळी मोठा आधारही वाटत होता. दोन्ही खरं. एका म्हाताऱ्यानं तर कहर केला. पायाळूची लाथ पाठीला लागली की उसण निघते म्हणे. तो माझ्यापुढं पाठ करून ओणवा झाला, "माय, एक लाथ दे. चार दिवसापून वाकता येईना." ज्या पायांना आयुष्यात एक दगड लाथाडता आला नाही, त्यांची लाथ मागायला हा बाबा आला होता. मी हसून हसून बाजेवरून पडायची राहिले. नाही म्हटलं, पुन्हा नाही म्हटलं. शेवटी त्यानं स्वतःच माझा बूट पाठीला लावून घेतला आणि "हाव, बरं वाटायलंय" म्हणत निघून गेला.

"चालू द्या मॅडम, काम तर होतंय," सहकारी म्हणायचा. मी चालू दिलं नाही. प्रत्येक विहिरीवर तेच सांगितलं, मी पायाळू नाही, मी मोजणारी आहे. कुणाचाही विश्वास बसला नाही. मला राग यायचा, कारण माझी सगळी धडपड इथं यायची होती आणि लोक मला भलत्याच कारणासाठी आत घेत होते.

शेवटची विहीर उदगीरपासून जवळ, कर्नाटकाच्या बाजूला होती. जिचा आकडा मला खटकायचा ती हीच. आदल्या रात्री मुक्कामाला घरी गेले तर आई म्हणाली, "उद्या मी बी येते." मी समजावलं, तिथं तुझं काय काम? ती ऐकेना. सकाळी डबा घेऊन जीपमध्ये पुढं बसली आणि सगळा रस्ता काचेतून वर बघत आली.

आभाळ कोरं होतं. पण रात्री पाऊस झाल्यामुळं रानात चिखल होता आणि जीप सडकेवरच ठेवावी लागली. मधे दोन शेतं. माझा नियम इथं मोडत होता. मी सहकाऱ्याकडे पाहिलं, त्यानं वर पाहिलं, म्हणाला, एक ढग नाही मॅडम. आणि ही एकच विहीर राहिली होती. बाज आली, आम्ही निघालो, आई मागून चिखलातून चपला हातात घेऊन.

शेताचा मालक पुढं आला, वाकून म्हणाला, "आपल्या रानात पायाळूचे पाय लागले, लई बरं झालं." मी नेहमीचं बोलायला तोंड उघडणार, तर आईचा चेहरा पाहिला. तो एकदम उतरला होता. मला वाटलं, लेकीला असं काहीबाही म्हटलेलं तिला लागलं. "चला, आटपा लवकर," ती तुटकपणे म्हणाली.

फळी अजून नीट टेकवलीही नव्हती. दक्षिणेकडून गार वारा आला, सोयाबीनच्या गंजीवरची ताडपत्री फडफडली, आणि टेकडीमागून ढग असा वर आला की बघता बघता ऊन गेलं. पहिलाच आवाज इतका जवळ झाला की माझे पाय ताठ होऊन गेले. जीप लांब. बाजेवाले आपापला जीव घेऊन कधीच पळाले होते. सहकारी मला पाठीवर घ्यायला वाकला. मी म्हटलं, उघड्या रानातून सडकेपर्यंत नको. शेतातच, आखाड्यावर म्हणजे शेतवस्तीवर, मालकानं सामानासाठी बांधलेली विटांची खोली होती, तिकडं चल म्हटलं. त्यानं मला अर्धं उचललं, अर्धं ओढलं. आईनं दोन्ही कुबड्या घेतल्या.

खोलीत सोयाबीन काढणाऱ्या बाया दाटीवाटीनं बसलेल्या होत्या, काहींच्या मांडीवर लेकरं. दारात, आमच्या आधी धावत पोचलेला मालक उभा होता. त्यानं हात आडवा धरला.

"ताई, राग नका मानू," तो म्हणाला. आवाज कापत होता. "तुमी पायाळू. पायाळूवर ईज पडते. आत लेकराबाळाची माणसं हायेत."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ज्या समजुतीनं मला आठवडाभर बाजेवर बसवलं होतं, तीच आता मला उंबऱ्याबाहेर ठेवत होती. मी ओरडले, अहो मी पायाळू नाही! किती वेळा सांगू? पण आठवडाभर जे कुणी ऐकलं नव्हतं ते आता विजेच्या आवाजात कोण ऐकणार? आतून एक बाई म्हणाली, "न्हाई न्हाई, तिला तकडं झाडाखाली बसवा." झाडाखाली! मी विज्ञान शिकलेली बाई, वीज झाडावर का पडते ते मला आकृती काढून सांगता येतं, आणि त्या क्षणी ती आकृती काही कामाची नव्हती. सहकारी भांडायला लागला. पुन्हा कडाडलं. आतली लेकरं रडायला लागली.

तेव्हा आई पुढं झाली. तिनं कुबड्या खाली टाकल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"हिच्या डोक्यावर हात ठिवून सांगते," ती म्हणाली. "डोक्याकडून झाली ही. माझ्या पोटातून आलीय, मला म्हाईत न्हाई का? तुमी सांगणार का मला?"

लेकराच्या डोक्यावर हात ठेवून कुणी खोटं बोलत नाही. बोललं तर ते त्या लेकरालाच बाधतं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मालकानं हात खाली घेतला. "मग ठीक हाय अक्का. या, या आत." बाया सरकल्या. मला पोत्यावर जागा दिली. कुणीतरी लुगड्याच्या पदरानं माझं तोंड पुसलं.

बाहेर जे चाललं होतं ते चालू राहिलं. एकदा वीज इतक्या जवळ पडली की दाराची कडी वाजली आणि सगळ्याजणी एकमेकींना चिकटल्या. आई माझ्या शेजारी बसली होती. तिचा हात माझ्या डोक्यावरच होता. शपथ झाली, काम झालं, आता काढ की हात, मला वाटलं. तिनं काढला नाही. ती तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. मला फक्त "मला, मला" एवढंच ऐकू येत होतं.

पाऊस जसा आला तसा गेला. मी कुणालाच लगेच हलू दिलं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं, हा नियम तरी पाळू. मालकानं चुलवणावर चहा केला आणि तो माझ्याकडे न बघता माझ्या हातात दिला. मला त्याचा राग आला होता आणि त्या लेकरांकडे पाहिल्यावर तो पुरता टिकतही नव्हता.

मी म्हटलं, राहू दे आता विहीर. खरंच म्हटलं. सर जिंकले, टेबल बरं, असं वाटत होतं. आई म्हणाली, "वढ्याचं पाणी हिरीत उतरायच्या आत मोजायचं ना? मग चल की." हे तिला मीच कधीतरी सांगितलं असणार. ती ऐकत होती हे मला माहीत नव्हतं.

आम्ही पुन्हा काठावर गेलो. फळी टाकली. सहकाऱ्यानं पट्टा लिंबाच्या बुंध्याला बांधला आणि दोन्ही हातांनी फळी दाबून धरली, कारण माती भिजून सैल झाली होती. मालक आणि बाया भिजलेल्या सोयाबीनकडे धावले होते, घोटे धरायला माणूस नव्हता. आई चिखलात बसली आणि तिनं माझे पाय धरले. इतक्या वर्षांत माझ्या पायांना तेल तिनंच लावलं, पट्ट्या तिनंच बांधल्या, पण त्या दिवशी तिनं ते असे धरले होते की मला घोट्यांची हाडं जाणवत होती.

मी डोकं विहिरीवर काढलं. टेप सोडायला लागले. खाली काळं, गोल पाणी दिसत होतं आणि त्यात माझं डोकं, त्याच्या मागं पांढरं आभाळ.

"हेच आधी आले होते," मागून आई म्हणाली.

मला वळून बघता येत नव्हतं. मी म्हटलं, काय?

"हे पाय. हेच आधी बाहेर आले. डोकं लई येळ आडकून पडलं. सुईण म्हणली, पायाळू हाय, हिला ढगाखाली जाऊ देऊ नको. कुणाला सांगितलं न्हाई. तुला बी न्हाई. लोक गुप्तधन काढायला असली लेकरं पळवतेत."

टेप माझ्या हातातून सरकत होता. मी पाण्याकडे बघत होते. आयुष्यभर मी ज्या पायांना दोष दिला, त्यांनी मला कधीच घरात बसवलं नव्हतं. आईनं बसवलं होतं, विजेला भिऊन. आणि आज तीच, माझ्या डोक्यावर हात ठेवून, तिच्या लेखी जगातलं सगळ्यात भयंकर खोटं बोलली होती, आणि मग तो हात छत्रीसारखा धरून बसली होती, की पडायची तर आधी तिच्यावर पडावी.

"आई, मग ती शपथ?" मी विचारलं.

तिनं घोट्यांवरची पकड आणखी आवळली. बीप वाजला. मला टेपवरचा आकडा वाचायचा होता आणि तो दिसत नव्हता, डोळे भरून आले होते. सहकारी म्हणाला, मॅडम, किती?

"घाई नको करू," आई म्हणाली. "नीट बघून सांग. मी धरून हाय."